बार्लीची चालते

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आणि आता तुम्हाला सांगायला बसले, तर मध्येच उठून गॅस बंद आहे ना, ते दोनदा बघून आले. टाळतेय — कळतंय मला.

सुरुवात अगदी क्षुल्लक होती. पुण्याहून नोएडाच्या ऑफिसात आले तेव्हा मी डाएटवर होते. इथे डाएट म्हटलं की चेष्टा आणि वर आग्रह — "अरे यार, एक समोसे से क्या होता है!" एक दिवस वैतागून मी म्हणाले, मला सिलिअ‍ॅक आहे, गहू चालत नाही. आग्रह तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी फळांची वेगळी प्लेट आली. मला ते आवडलं. घरी मी रोज पोळ्या खात होते. ऑफिसात मात्र चार वर्षं आजारी होते.

मग शिवानी आमच्या टीममध्ये आली. पानिपतची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. सतत पोट बिघडलेलं, चेहरा पांढराफटक. तपासण्या झाल्या आणि तिला सिलिअ‍ॅक निघाला — खराखुरा. रिपोर्ट घेऊन रडत ती सरळ माझ्याकडे आली. "दीदी, आप तो सालों से सँभाल रही हैं. मुझे भी सिखा दीजिए."

तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही? मी तिला जवळ घेतलं आणि शिकवायला लागले.

पथ्य ती मनापासून पाळायची. पीजीत स्वतःचा वेगळा तवा, वेगळे डबे. तिची आई मका निवडून, घरी दळून पीठ पाठवायची. महिन्याभरानं आमची टीम एका ब्रुअरीत गेली. आजार कळल्यापासूनची तिची पहिलीच पार्टी. मेन्यू माझ्यापुढे धरून तिनं विचारलं, मी काय घेऊ? गव्हाची बिअर नको, एवढं मला माहीत होतं. बाकीचं — नव्हतं. फोन हातातच होता. पण अख्खं टेबल माझ्याकडे बघत होतं, आणि मी तर यातली जाणकार!

"गेहूँवाली मत ले. जौ की चलती है," मी सांगितलं.

"पक्का, दीदी?"

मी माझा बार्लीच्या बिअरचा ग्लास उचलला आणि अर्धा संपवला. "देख, मुझे कुछ होता है?"

मला काय होणार होतं?

सोमवारी ती आली नाही. इथवरचं मी अजूनही चूक म्हणून खपवलं असतं — माहीत नव्हतं, बोलून गेले. पण त्याच संध्याकाळी मी शोधलं. दोन मिनिटं लागली. गव्हातलं जे बाधतं, ते ग्लूटेन बार्लीतही असतं. साधी बिअर चालत नाही, वाइन चालते. म्हणजे — मला कळलं होतं. सगळं कळलं होतं, आणि तरी पुढचे चार महिने मी तिला ती पिऊ दिली.

सांगितलं असतं, तर तिनं विचारलं असतं, मग तुम्ही कशा पिता? दर शुक्रवारी टीम तिथेच जायची, आणि ती एक ग्लास मागवायची. "आज वाइन घेऊन बघ ना," मी म्हणायचे. तिला ती आंबट लागायची. त्यापुढे मी बोलायचे नाही. तिचं वजन उतरत गेलं, केस गळायला लागले. डॉक्टर म्हणाले, तू चोरून खातेस. आईही तेच म्हणाली. ऑफिसच्या जिन्यात ती फोनवर शपथा घेत होती — "मम्मी, कसम से, रोटी का टुकड़ा भी नहीं खाया." मी आवाज न करता मागे फिरले.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी खाण्याबरोबर पिण्याचीही यादी मागितली. ती धावतच माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, संपलं. पण ती रागावलेली नव्हती. घाबरली होती — माझ्यासाठी! "दीदी, बियर में भी होता है! आपने भी कितनी पी है. आप टेस्ट करा लो, प्लीज़." माझ्यासाठी त्याच डॉक्टरांची वेळसुद्धा घेऊन आली होती. मी गेले नाही. गेले म्हणून सांगितलं.

ती हळूहळू सावरली. गेल्या हिवाळ्यात पानिपतला तिचं लग्न झालं. मांडवाच्या एका कोपऱ्यात आम्हा दोघींपुरती नवी कढई, वेगळं तेल. तिची आई मला हाताला धरून तिकडे घेऊन गेली, आणि तिथेच रडायला लागली. "मैंने अपनी बच्ची को झूठा कहा. इतनी बीमार थी, और मैं रोज़ फ़ोन पर डाँटती रही."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "आंटीजी, आपको कहाँ पता था," मी म्हणाले. "आपका क्या क़सूर?"

त्यांना जरा बरं वाटलं. डोळे पुसून त्यांनी माझ्या ताटात मक्याच्या दोन गरम पुऱ्या वाढल्या, आणि मी जेवले.