अक्रोडाखालच्या कोपऱ्यातले मासे

"इंजिनिअर आहात ना? मग माझे मासे वाचवा," घरमालकीणबाईंनी मला जिन्यातच गाठून सांगितलं. अहो, मी इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइमच्या कारखान्यात गिअरबॉक्स करणारा माणूस! मला मासा कळतो तो ताटातला, तोही काटे काढून दिले तर. पण बाईंचा नवरा मार्चमध्येच गेला होता. मागच्या अंगणातलं तळं, त्यातले अकरा रंगीत जपानी कोई मासे, सगळं त्यानं स्वतःच्या हातानं उभं केलेलं. जून संपेपर्यंत त्यातले दोन मेले. पाणी हिरवंगार, दगडांवर शेवाळाच्या जटा, आणि उरलेले मासे पहाटे वर येऊन धापा टाकायचे. "हेही गेले तर त्याचं काय उरलं माझ्याकडे?" बाई म्हणाल्या. नाही कसं म्हणणार?

वरच्या मजल्यावर भाड्यानं आम्ही दोघं: मी, आणि मेच्या शेवटी पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली आई. कामावरून आलो की मी तळ्यावर. फिल्टरचे स्पंज धुतले, पंप उघडला, शेवाळ मारणारा दिवा बदलला. पाण्यात थेंब टाकून रंग बघायची पेटी आणली. रंग दर वेळी वाईटच. एका शनिवारी निम्मं पाणी बदललं, पुढच्या शनिवारी परत ये रे माझ्या मागल्या. माझं डोकं फिरलं. जास्त खायला घालता का, असं बाईंना विचारलं.

"चिमूटभर, तेही एक दिवसाआड." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "हसू नका. तो अक्रोडाखालच्या कोपऱ्यातून खायला घालायचा. तो गेल्यावर मासे तिकडे फिरकेनासे झाले. आता मात्र रोज सकाळी सहाला बघावं तर सगळे तिथेच जमलेले. तो येतो."

दुसऱ्या दिवशी सहाला मी खिडकीतून पाहिलं. कोपऱ्यात मासे दाटीवाटीनं, तोंडं वर, आणि काठावर कोणी नाही. बाई दारात कॉफीचा कप धरून बघत होत्या, चेहऱ्यावर हसू. खरं सांगतो, मी टरकलो. त्यानंतर तळ्यावर एकटं जायचं जिवावर यायचं.

आठवड्याभरानं पहाटे पाचलाच जाग आली. अंधुक उजेडात अक्रोडाखाली कोणीतरी पांढरं वाकलेलं. मग शाल ओळखली. आई!

चपला न घालताच खाली धावलो. तिच्या वाटीत कणकेच्या गोळ्या होत्या, तुपाचा हात लावलेल्या. बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. त्यांच्या नावाचा घास आधी बाहेर ठेवल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नसे.

"इथले कावळे शिवतच नाहीत रे," ती म्हणाली. "मासे मात्र माझी वाट बघतात. तो मोठा पांढरा बघ, आधी दुसऱ्यांना खाऊ देतो. अगदी तुझे बाबा."

"अगं, कणकेनं पाणी सडतंय! त्या मेलेल्या दोघांना तूच मारलंस!"

तिनं वाटी शालीखाली घेतली. "मग ह्यांचा घास ठेवू कुठे?"

"ठेव फ्रीजमध्ये!" मी खेकसलो. त्या शब्दांची मला अजून लाज वाटते.

आईनं पुन्हा तिथे पाऊल टाकलं नाही. मासे चार दिवस आशेनं जमले, मग यायचे थांबले. बाईंना खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

ऑगस्टात बाईंनी आम्हा दोघांना खाली बोलावलं. पाणी नितळ झालेलं, नऊच्या नऊ मासे मजेत. बाईंनी माझे दोन्ही हात धरले, मासे वाचवलेत म्हणून तीनतीनदा आभार मानले. मग कोपऱ्याकडे बघत म्हणाल्या, "पण तो आता येत नाही."

आईला जर्मन येत नव्हतं. "काय म्हणाल्या रे?"

"पाणी छान झालंय म्हणाल्या."

"मग रडतात कशाला?"