भीमाबाईची फुंकर

१९७९च्या उन्हाळ्यात भीमाबाईला विहिरीवरून हंडा आणताना धाप लागून वाटेत बसायची पाळी यायला लागली. वय चाळिशीच्या आतलं, अंगानं काटक. खालापूरजवळ हायवेला लागून पांढरा दगड दळायचा कारखाना होता. तिथं ती कैक वर्षं भुकटी चाळून पोत्यांत भरायची. घरी येईतो पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या.

कारखान्याच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली न लावली आणि दमा ठरवून टाकला. गोळ्यांनी हात थरथरायचे, धाप मात्र कमी होईना. कर्जतच्या डॉक्टरांनी क्षयासाठी थुंकी तपासली, तीत काही निघालं नाही. शेवटी त्यांनीच तिला मुंबईच्या सरकारी इस्पितळात धाडलं. नवरा श्रीपत रजा टाकून बरोबर गेला.

तिथं नाकाला चिमटा लावून तोंडात जाड नळी दिली. छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात सगळा सोडायचा. फिरत्या कागदावर रेघ उमटली. पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा एकदा. शेवटी तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

परत आल्यावर तो कागद कारखान्याच्या डॉक्टरनं उभ्याउभ्या पाहिला. "फुंकर नीट मारली नाहीस. बायका लाजतात."

"लाजायला काय मी नवरी हाय?" ती म्हणाली आणि श्रीपतला घेऊन पुन्हा मुंबईला गेली.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला बसवलं आणि कागद पुढ्यात पसरला. "दम्यात श्वासाच्या नळ्या आवळतात. हवा अडखळत बाहेर येते, रेघ तिरकी, हळूहळू चढते. तुमची उभी चढली आणि लगेच आडवी झाली. म्हणजे वाट मोकळी आहे, पण आत हवाच थोडी मावते. तुमच्या वयाच्या, उंचीच्या बाईच्या निम्मी."

"मी जोर कमी लावला म्हनून?"

"तसं असतं तर दर खेपेला रेघ वेगळी आली असती. या तर एकीवर एक बसतात. छातीच्या फोटोतही डाग दिसतायत. दगडाची धूळ बसून फुप्फुस ताठ झालंय."

"मंग औषध द्या."

"झालेलं भरून काढणारं औषध नाही. आधी ती धूळ सोडा."

"मंग येवढ्या दम्याच्या गोळ्या गिळल्या, त्या कशापायी?"

डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवरच्या त्या गोळ्या खोडल्या. श्रीपत खिडकीबाहेर बघत राहिला.

मॅनेजरनं हलकं काम म्हणून तिच्या हातात झाडू दिला. "झाडूची धूळ निराळी असती का, सायेब?" एवढं विचारून तिनं काम सोडलं. पण गप्प बसली नाही. बरोबरीच्या येसूबाईला धरून तपासणीला नेलं. तिचीही रेघ तशीच आली. मॅनेजर म्हणाला, एकाच मशीनवर फुंकलं की सगळ्यांचं सारखंच येणार.

भीमाबाईनं कारखाने तपासणाऱ्या सरकारी साहेबांकडे अर्ज केले, खेटे घातले. मग धूळ दाबायला दळणयंत्रावर पाण्याचा फवारा बसला. पण साहेब तपासायला यायचे त्याच दिवशी तो चालायचा.

येसूबाई मात्र पुन्हा चाळणीवर गेली. "दुसरं काम कोन देतंय गं?" म्हणायची.

भीमाबाईला तिचा राग यायचा. बोलून दाखवायला जावं तर अर्ध्यातच धाप लागायची आणि वाक्य तसंच सोडून बसावं लागायचं. याचाच तिला जास्त राग यायचा.