डबा बोलला की अंघोळ

बोलता बोलता साहेब डाव्या बाहीवरची नसलेली धूळ उजव्या हाताच्या दोन बोटांनी झटकायचे आणि म्हणायचे, "डेड. हे डेड आहे." मग विषय लँडलाइनचा असो, फॅक्सचा असो, की पुण्यात अजून स्कूटर चालवणाऱ्या त्यांच्या सख्ख्या मामेभावाचा. एकदा बाही झटकली की चर्चा बंद. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. नसेल तर तुम्ही नशीबवान आहात.

साहेब हे नाव मी मनातल्या मनात ठेवलेलं. चारचौघांत इथल्या रिवाजाप्रमाणे पहिलं नाव, आणि आम्ही दोघंच मराठी असलो की "तुम्ही".

व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नच्या आसपास आमच्याकडे एका वीज कंपनीचं कंत्राट होतं. तिथल्या जुन्या घरांत मीटरच्या जोडीला एक करडा डबा असायचा. थंडीच्या सकाळी सगळ्यांनी एकदम वीज ओढू नये म्हणून टेकडीवरच्या टॉवरवरून रेडिओचा संदेश सुटायचा, डब्यात टक्क व्हायचं आणि पाण्याचा हीटर बंद पडायचा. ताण ओसरला की पुन्हा टक्क, हीटर चालू. हे डबे काढून आम्हाला नवे मीटर बसवायचे होते. ते एकमेकांशी वायरलेस बोलत निरोप पुढे पोचवतात आणि तोंडातून आवाज काढत नाहीत. जुने डबे बदलायला झाले होते हे मलाही मान्य आहे, त्यांचे सुटे भागसुद्धा मिळेनासे झाले होते. पण शेजारी डेटा सेंटरांच्या बिनखिडक्यांच्या इमारती रात्रंदिवस वीज पीत उभ्या, आणि आम्ही मात्र म्हाताऱ्या माणसांच्या अंघोळीच्या पाण्यात वीज वाचवणार. वर त्याचं नाव काय, तर ट्रान्सफॉर्मेशन.

या ट्रान्सफॉर्मेशनचे साहेब प्रमुख होते. लोकांना समजावून सांगायला गावागावांत बैठका घ्यायचे. एका फायर स्टेशनच्या हॉलमध्ये एक अमेरिकन आजीबाई उठल्या. म्हणाल्या, "जुना डबा टक्क करतो, ते मला आवडतं. घरात मी एकटी असते. पाणी तापायला लागलं हे मला त्यावरून कळतं."

"मॅडम, आता तुम्हाला फोनवर नोटिफिकेशन येईल," साहेब म्हणाले.

"मी फोनकडे बघत नाही. मी अंघोळीला जाते."

हॉल हसला. साहेबही हसले, पण परतताना गाडीत त्यांनी स्टिअरिंग सोडून बाही झटकली. "म्यूझियममध्ये ठेव यांना. यांना टक्क ऐकायचंय म्हणून आपण टॉवर चालू ठेवायचा का? यार, सेंटिमेंटवर ग्रिड चालत नाही."

वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये ते इंग्रजीत, ठळक अक्षरांत आलं.

पहिला नवा मीटर स्वतःच्या घरी बसवायचा असं त्यांनी ठरवलं. वरच्या मंडळींसमोर तेवढीच छाती फुगवता येणार. सिग्नल मोजायला मी गेले ती थेट बेसमेंटमध्ये. तिथे हीटरच्या खोलीला लागून त्यांच्या आईची खोली होती. आजी जळगावकडच्या. इथे येऊन काही वर्षं झालेली, इंग्रजी शून्य. पलंगावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या, शेजारी स्टुलावर टॉवेल आणि धुतलेलं लुगडं घडी करून ठेवलेलं.

"अंघोळ व्हायचीय का आजी?"

"डबा बोलला की जाईन," त्या म्हणाल्या.

सकाळी नातवंडं आणि सून टाकी रिकामी करून जात. हीटर तेव्हा नेमका बंद. आल्या आल्या आजी दोनदा गार पाण्याखाली सापडल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी डब्याशी बोली केली होती. तो बोलला की थोडं थांबायचं, मग अंघोळ, मग देव, मग चहाचा पहिला घोट. देव व्हायच्या आधी त्या तोंडात काही घालत नसत. आम्ही बोलत असतानाच भिंतीवर टक्क झालं. "बोलला बघ," म्हणत आजींनी जपमाळ डोळ्यांना लावून खाली ठेवली. घड्याळाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी वर येऊन साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आईला होईल सवय. अ‍ॅप लावून देतो." दुसऱ्या दिवशी डबा निघाला, फोटो निघाले, टाळ्या झाल्या.

आणि मग दुपारचे फोन सुरू झाले. आमच्या क्युबिकलच्या भिंती खांद्याएवढ्या, ऐकू येत नाही असं सोंग तरी किती आणणार.

"आई, पाणी गरम आहे गं. मी इथून बघतोय ना फोनवर." थोडं थांबून, "नाही बोलणार तो. काढलाय. आई, जेवली नाहीस अजून?"

आजींचा हट्ट नव्हता तो. त्यांना फक्त विश्वास वाटत नव्हता. नळाखाली हात धरून बघ म्हटलं तर त्या म्हणत, आता गरम असेल, पण अंगावर घेईपर्यंत गार झालं म्हणजे? मुलगा संध्याकाळी घरी येऊन नळ सोडून दाखवी, तेव्हा अंघोळ, तेव्हा देव, तेव्हा चहा. साहेबांनी टॅब्लेट आणून दिला, त्यावर घंटी वाजेल अशी सोय केली. आजींनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. आठवडाभरात त्यांना चक्कर येऊन त्या पलंगाच्या कडेला बसल्या बसल्या घसरल्या. डॉक्टरांनी विचारलं, काल काय खाल्लं होतं. साहेबांनी बायकोकडे पाहिलं. हे त्यांच्या बायकोने मला सांगितलं. साहेब असलं काही सांगणाऱ्यांतले नव्हते.

त्यानंतरच्या सोमवारी मी गोदामात गेले, तर साहेब इस्त्रीच्या शर्टात भंगाराच्या क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभे. एकेक करडा डबा काढत, कानाशी नेऊन हलवत, बाजूला ठेवत.

"काय शोधताय?"

"डेमोसाठी हवाय एक," ते म्हणाले. "लोकांना दाखवायला, की बघा, हे किती डेड आहे."

दोन्ही बाह्या काळ्या झाल्या होत्या. त्या मात्र त्यांनी झटकल्या नाहीत. डेमोत तो डबा मी कधी पाहिला नाही, आणि दुपारचे फोन त्याच आठवड्यात बंद झाले. टॉवर बंद करायच्या दिवशी साहेबांनी स्वतः बटण दाबलं, केक कापला, सेंटिमेंटचं वाक्य पुन्हा म्हटलं. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता की मी केक खाल्ला नाही.

आजी पुढच्या उन्हाळ्यात गेल्या, झोपेत. त्यानंतर एक अख्खा हिवाळा साहेब त्याच घरात राहिले. मग कंपनीने नवा प्रमुख आणला. तिशीतला, चुणचुणीत. त्याने पहिल्याच मीटिंगमध्ये आमच्या नव्या नेटवर्कला लेगसी, म्हणजे कालबाह्य, म्हटलं आणि साहेबांच्या खुर्चीकडे बघायचं टाळलं. साहेबांनी घर विकलं आणि ते बायकोसह थोरल्या मुलीकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला गेले. निरोपाला केक नव्हता. मी एअरपोर्टला सोडायला येऊ का विचारलं, तर म्हणाले, "नको गं, उबर केलंय."

परवा त्या घराच्या नव्या मालकाची तक्रार आली. मीटरचा डबा रोज सकाळी वाजतो म्हणे. आमच्या मीटरला आवाजच नाही, म्हणून कुणी जायला तयार होईना. मी सकाळीच गेले.

आजींच्या खोलीत आता व्यायामाची सायकल होती. हीटरच्या खोलीत मात्र भिंतीवर तोच करडा डबा, नीट चार स्क्रूंनी बसवलेला. हीटरकडे त्यातून एकही वायर जात नव्हती. खालून एकच वायर निघून साध्या प्लगच्या टायमरमध्ये गेलेली, नाताळच्या दिव्यांना लावतात तसला टायमर. सकाळी ठरल्या वेळी टक्क करायचं, एवढंच त्या डब्याला काम. आजी गेल्यावर तो प्लग नुसता ओढायचा होता. साहेबांनी तेवढंही केलं नव्हतं. म्हणजे तो सबंध हिवाळा हा माणूस रोज सकाळी वर कॉफी पीत होता, आणि खाली डबा बोलत होता.

"हे करतं काय?" मालकाने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि प्लगला हात घातला. तेवढ्यात डबा बोलला. मी हात मागे घेतला.

हा आमच्या कंपनीचा नाही, तुम्हीच काय ते ठरवा, असं त्याला सांगून मी वर आले.