जॅकची जागा

गाडी गॅरेजच्या फाटकातून आत वळली की तिचं कुठलं हाड दुखतंय हे मास्तर बसल्या जागी सांगायचा. सस्पेन्शनच्या कामात त्याचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. पण सहा वर्षांपासून त्याला गाडी नसतानाही आवाज ऐकू यायचा. जेवताना, आंघोळ करताना, बायको कपाट लावत असताना. टक. बायकोनं डॉक्टर गाठला. डॉक्टरनं कानातला मळ काढला, आणि आवाज आणखी स्वच्छ ऐकू यायला लागला.

खाई त्याला खवखवे, दुसरं काय. सहा वर्षांपूर्वी दाजींनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, आपली प्रवासी गाडी दाखवायला आणली होती. मास्तरनं घाईत जॅक वर चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला लावला, चाक हलवून पाहिलं, हललं नाही. अजून सहा महिने बघायला नको, म्हणाला. पण त्या गाडीला जॅक तिथे लावला की स्प्रिंग चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला दाबून धरते, आणि आर्मला चाकाशी जोडणारा बॉल जॉइंट झिजलेला असला तरी घट्ट लागतो. जॅक आर्मखालीच लावायचा, हे तो नवख्यांना ओरडून ओरडून शिकवायचा. नवव्या दिवशी उतारावर जॉइंट निखळला, चाक आडवं झालं आणि दाजी गेले. लोक म्हणाले, गाडीच म्हातारी झाली होती. मास्तरनं होला हो केलं. त्याची त्याला आजही लाज वाटते.

ताईनं गाडी विकली नाही. दुरुस्त करून घेतली आणि स्वतः चालवायला लागली. आता काटा सहा लाख किलोमीटरच्या पुढे गेलाय. गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला तिला चालायचा नाही. माझा भाऊ आहे ना, एवढंच सांगायची. ते ऐकलं की मास्तरला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

परवा सकाळी ती आली, डावीकडून आवाज येतोय म्हणाली. मास्तरनं दोन्ही बाजूंचे आर्म, जॉइंट, बुश, शॉकअप सगळंच बदललं. ताई शेजारी स्टुलावर बसून होती. सगळं बसवून चाक चढवल्यावर त्यानं जॅक आर्मखाली सरकवला, टायरखाली पहार घालून चाक उचलून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा. मध्ये टायर पंक्चर झाला तेव्हा रस्त्यावरच्या माणसानं जॅक चेसिसला लावला होता, ताई म्हणाली. तू नेहमी इथेच का लावतोस?

धंद्यातली गोष्ट, तोंडून आपसूक निघून गेली. वर लावला तर झीज लपते, तो म्हणाला.

ताई स्टुलावरून पुढे वाकली.

"ह्यांनी गाडी दाखवायला आणली होती, त्या दिवशी कुठे लावला होतास?"

खोटं बोलायला 'खाली' एवढा एक शब्द पुरला असता. सहा वर्षं तो त्याच्या जिभेवर तयार होता, पण ताईच्या तोंडाकडे बघून तो निघेना.

"वर. चेसिसला," तो म्हणाला. "मला घाई होती, ताई."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. आवर म्हणाली, अकराचे प्रवासी थांबलेत. त्यानं जॅक उतरवला, चाकाचे पाचही नट आवळले. ताई उठली. तिनं त्याच्या हातातला पाना काढून घेतला, गुडघ्यावर बसली आणि एकेक नट स्वतः तपासून पाहिला. इतक्या वर्षांत तिनं हे कधीच केलं नव्हतं.