सायरन वाजत होता, बॅटरी गेली

मंडळी, आज भरदुपारी घरासमोर उभ्या असलेल्या आमच्या जुन्या ट्रकची बॅटरी चोरीला गेली. ट्रकला लावलेला चोरीचा सायरन वाजत होता. बॅटरी निघाली तसा तोही गप्प झाला.

शेजारी म्हणाले, "वाजून तं राहिला होता, पण रोजच वाजते ना भाऊ."

ऐंशीच्या दशकात इथंच, करडीत, बाबांच्या ट्रकला साधं कुलूप नव्हतं. धक्क्याशिवाय तो सुरूच होत नसे आणि धक्क्याला अख्खी गल्ली लागायची. बाबा म्हणायचे, "माया ट्रक चोरणाऱ्याले आधी गल्ली बोलवा लागन."

एकदा ट्रक उतारावर आपोआप सरकला, तर समोरचे काका ताटावरून उठून उष्ट्या हातानं धावत आले होते.

आता मुलगा म्हणतो, "बाबा, मोठ्या आवाजाचा सायरन लावू."

लावू. पण कोणाले ऐकू जावा म्हणून, सांगा बरं?