लाल कार्ड

धानोऱ्यात तेव्हा एकच इंटरनेट कॅफे होता, माझा. शहरातला एक संशोधक आठवडाभर तिथं यायचा. आधी रुमालानं कीबोर्ड पुसायचा, जणू आमच्या बोटांनाच रोग चिकटलेला. मग सिकलसेलच्या जीनचं नाव टाईप करायचा. पडद्यावर जगभरची माहिती उघडली, की छाती फुगवायचा. "या आजाराचं सगळं इथं आहे!"

एकदा एक बाई सिकलसेलच्या पेशंटला दवाखान्यातून मिळणारं लाल कार्ड झेरॉक्सला घेऊन आली. त्याला म्हणाली, "साहेब, पोरीले लाल कार्ड हाय. हाडं लय दुखून राह्यले तिचे. यात कायी इलाज हाय का?"

"बघतो," तो पडद्यालाच म्हणाला.

बाई गेल्यावर मान वळवून त्यानं मला विचारलं, "पिवळं माहीत आहे, केशरी माहीत आहे. हे लाल रेशनकार्ड कुणाला देतात हो?"