कॉम्प्युटरच्या डोक्यावरच्या अक्षता

जयसिंगराव मोहिते माझ्या नजरेत पहिल्यांदा भरले ते एका सायकलरिक्षाच्या बाजूने चालताना. रिक्षा रिकामी नव्हती. सीटवर एक मोठं खोकं बसलं होतं, त्याला यांचा मफलर पट्ट्यासारखा बांधलेला, आणि हे त्याच्या पाठीवर हात ठेवून इलाइट चौराह्यापासून पायी येत होते. मी शाळेत शिकवून घरी निघाले होते. रिक्षावाल्याला त्यांनी "भैया, धीरे" म्हटलं आणि लगेच स्वतःशीच "सावकाश रे बाबा" असं पुटपुटले, म्हणून मला धीर आला.

"तुम्हीही बसा की. जागा आहे," मी म्हटलं.

ते थबकलेच. झाशीत रस्त्यावर मराठी कानी पडलं की माणूस आधी वळून बघतो आणि मग घराणं विचारतो. त्यांनी माझं घराणं विचारलं, मूळ गाव विचारलं (ते मला धड माहीत नव्हतं, त्यांचं त्यांनाही नव्हतं), आणि मग म्हणाले, "मी बसलो तर हिसका बसेल. आत कॉम्प्युटर आहे."

पुढे कळलं की ते प्रेम नगरात आमच्याच गल्लीत राहतात, रेल्वेच्या कचेरीत कारकून आहेत आणि त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेतून इकडे आले. घरात एक तलवार होती, ती आजोबांच्या काळात गंजून भंगारात गेली. त्यानंतर खंडेनवमीला मोहित्यांकडे शस्त्र म्हणून विळी आणि एक पेचकस पुजला जाई. जयसिंगरावांना याची मनातून लाज वाटत असावी. कॉम्प्युटर आला त्या वर्षी त्यांनी मला मुद्दाम पूजेला बोलावलं. "बाई, आता मोहित्यांच्या घरात शस्त्र आहे," ते म्हणाले. त्यांच्या पत्नी कांचनवहिनींनी निरांजन ओवाळलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि नमस्कार करून विचारलं, "आता याने लढायचं कुणाशी?"

लढाई नव्हती, मंगलाष्टकं होती. झाशीतल्या मराठी घरात लग्न ठरलं की मुलीचे आईवडील जयसिंगरावांकडे येत. हे दोन्हीकडची नावं विचारून घेत आणि वृत्तात बसवत. हल्ली जावई बहुधा हिंदी बोलणारे असतात. त्यांच्या मंडळींना अर्थ कळत नाही, पण आपलं नाव आलं की सगळी रांग मान डोलावते. मग मोठ्या अक्षरांत छापलेली ती अष्टकं कांचनवहिनी अंतरपाटाशी उभ्या राहून म्हणत. त्यांचा आवाज चांगला आहे. चाल मात्र प्रत्येक लग्नात थोडी वेगळी असते.

निवृत्तीनंतर जयसिंगरावांच्या हाताला कंप सुटला. कागदावर लिहिलेलं त्यांचं त्यांनाच वाचता येईना. पण त्या जुन्या कीबोर्डची बटणं उंच आणि जड, खट्ट आवाज येईपर्यंत दाबावी लागणारी. थरथरतं बोट तिथे टेकलं की स्थिर होई. त्या बटणांवर त्यांना अजून लिहिता येत होतं, दुसरीकडे कुठेच नाही.

आणि एका वर्षी दसरा होऊन गेला तसा कॉम्प्युटर आचके द्यायला लागला. सुरू झाला की गुरगुरे, तापे, आणि चार ओळी होतात न होतात तोच बंद. मार्गशीर्षात त्यांच्या बहिणीची नात कमलिनी हिचं लग्न होतं, मऊरानीपुरात. मी चौकशीला गेले तर हे कपाळाला हात लावून बसलेले.

"वधूला अंतरपाटापर्यंत आणतो, बाई, आणि हा डोळे मिटतो. सकाळपासून ती बिचारी उभीच आहे."

"टाका काढून एकदाचा," वहिनी आतून म्हणाल्या. "अर्धी बैठक अडवून बसलाय. मुलाने भोपाळहून लॅपटॉप पाठवलाय तो काय आरतीला?"

लॅपटॉपवर त्यांनी प्रयत्न केला होता. त्याची बटणं पापडासारखी चपटी. बोट थरथरलं की एका अक्षराची चार होत. पडद्यावर 'शुभभभभ मंगगगल' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं.

"हे म्हणताना माझा दम जाईल," वहिनी म्हणाल्या.

जुना कीबोर्डच नव्याला जोडा, असं मी सुचवलं. पण त्याची पिन गोल, लॅपटॉपचं भोक चपटं.

"कळलं ना, मास्तरीणबाई?" जयसिंगराव विजयी मुद्रेने म्हणाले. "आणि मोहित्यांनी एक शस्त्र भंगारात घातलंय. दुसरं मी घालणार नाही."

"शस्त्र! मांजर वर चढून झोपतं त्याच्या."

शेवटी दोघांनी ब्रजेशवर सोपवायचं ठरवलं. ब्रजेश चौराह्याजवळच्या दुकानातला दुरुस्तीवाला. तो म्हणेल ते करायचं. ब्रजेश आला आणि पेच काढण्याआधीच आपल्या बुंदेलीत म्हणाला, "कक्काजू, जे तो अब बूढ़ो हो गओ."

"हम भी हो गए, बेटा. तुम खोलो."

त्याने बाजूचा पत्रा काढला. मग बोट आत घालून बाहेर काढलं, तर ते लाल.

"कक्काजू, ईमें तो पूरो मंदिर धरो है!"

आम्ही तिघं वाकलो. आत लाल-पिवळा थर बसला होता. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या, आपट्याच्या पानांचा चुरा होता, आणि पंख्याच्या पात्यांत तांदळाचे दाणे अडकले होते. पंखा फिरत नव्हता म्हणून आतलं सगळं तापत होतं आणि मशीन जीव वाचवायला आपणहून बंद पडत होतं. दर खंडेनवमी-दसऱ्याला वाहिलेलं सगळं वरच्या जाळीतून आत उतरलं होतं. अक्षता डोक्यावर टाकायच्या असतात, आणि कॉम्प्युटरचं डोकं म्हणजे ती जाळी, हे मोहित्यांकडे पहिल्या वर्षीच ठरलं होतं.

ब्रजेश आणि मी हसू दाबत होतो. वहिनी हसल्या नाहीत.

"माझंच चुकलं," जयसिंगराव घाईघाईने म्हणाले. "मी आतून पुसायला हवं होतं."

"तुम्ही कशाला मध्ये पडता? अक्षता मी टाकल्या." वहिनींनी पदर खोचला. "भैया, इसको बनाओ."

"आंटीजी, पंखा बदलना पड़ेगा, पावर सप्लाई भी. इससे तो नया..."

"हमारे हाथ से बिगड़ा है न? तो बनेगा."

जयसिंगराव माझ्याकडे पाहून भिवया उडवत होते. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "तुम्ही हसू नका. त्या वर्षी मी विचारलं होतं, याचं डोकं कुठलं, तर बोट तुम्ही दाखवलंत."

ब्रजेशने रंगाचा ब्रश मागून घेतला आणि अंगणात नेऊन मशीन आतून झाडलं. निघालेले तांदूळ वहिनींनी तुळशीत टाकले. पंखा नवा आला, पॉवर सप्लाय नवा आला. हार्ड डिस्क कुरकुरत होती, तिच्यातली सगळी लग्नं त्याने दुसरीवर उतरवून दिली. संध्याकाळी मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. जयसिंगरावांनी खट्ट खट्ट करत कमलिनीला अंतरपाटापर्यंत आणलं, माळ घालायला लावली, आणि मग चहा मागितला.

लग्नात वहिनींनी अष्टकं म्हटली. चाल याही वेळी वेगळी होती. कमलिनीच्या सासऱ्यांनी आपल्या नावाला इतकी मान डोलावली की फेटा सावरावा लागला. अक्षता उडायला लागल्या तसे जयसिंगराव माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, मांडवात पंखा कुठे आहे ते बघून टाका."

आता खंडेनवमीला मोहित्यांकडे कॉम्प्युटरवर आधी जुन्या पातळाचा तुकडा पांघरला जातो आणि मग पूजा होते. मांजर एरवीही त्याच तुकड्यावर झोपतं. जयसिंगराव रोज सकाळी चहानंतर टाइप करायला बसतात. सध्या कमलिनीच्या मुलीच्या बारशाचा पाळणा चालू आहे.